सापडलंबाईंचं मेमरी कार्ड

बस डेपोच्या मागच्या अंगाला, चौकशीची खिडकी आणि कायमचं बंद पडलेलं पाण्याचं मशीन यांच्या मधोमध एक खोली आहे. बाहेर पाटी आहे : हरवलेल्या वस्तू. त्या खोलीत अकरा वर्षं एकच बाई बसते. तिचं खरं नाव हजेरीपटात आहे, पण ड्रायव्हर, कंडक्टर, झाडूवाल्या मावशी, सगळे तिला सापडलंबाई म्हणतात. कोणी घाबराघुबरा होऊन खिडकीशी आला आणि त्याची वस्तू आत असली, की रजिस्टर उघडण्याआधीच ती "सापडलं" म्हणून मोकळी होते. बाकीची चौकशी नंतर. साहेबांना ही पद्धत मुळीच मान्य नाही. साहेबांच्या मते आधी अर्ज, मग ओळखपत्र, मग सही आणि सगळ्यात शेवटी आनंद.

खोलीत काय नाही? छत्र्या तर इतक्या, की पावसालाच प्रश्न पडावा. एका पायाचे बूट, डबे, चष्मे, कुबड्या. कुबडी विसरून माणूस बसमधून उतरतो कसा आणि उतरल्यावर चालतो कसा, हे तिला अजून उमगलेलं नाही. तीन कवळ्या आहेत. त्यांच्यासाठी कोणीच येत नाही. बहुधा मागायला तोंड उघडावं लागतं म्हणून.

प्रत्येक वस्तूचे दोन फोटो काढायचे, शेजारी नंबराची चिठ्ठी ठेवून, आणि वर्षभर जपायचे, असा नियम आहे. त्यासाठी ऑफिसला कॅमेरा मंजूर झालेला आहे. सहा वर्षांपूर्वी मंजूर झाला आणि तेव्हापासून तो मंजूरच आहे. तो येईपर्यंत "तात्पुरतं तुमच्या फोनवर काढा" असं साहेब म्हणाले होते. त्या तात्पुरत्यातला सापडलंबाईंचा हा दुसरा फोन.

दिवसभर लोकांचं हरवलेलं पाहणारी बाई घरी शांत बसेल, अशी अपेक्षा कोणी करू नये. घराबाहेर पडताना ती गॅसच्या बंद कळीचा फोटो काढते. मग कुलपाचा. बसमध्ये बसल्यावर छातीत धडधडलं की फोटो बघते आणि धडधड थांबते. निदान पुढच्या थांब्यापर्यंत. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. तो म्हणायचा, "तुझ्या फोनमध्ये आपला गॅस आपल्यापेक्षा जास्त आहे." त्याची विनोदबुद्धी चांगली आहे, असं त्याची आई म्हणते.

तर या बाईंना एकच मुलगी. वय आठ, अंगाने बारीक, सतत इकडून तिकडे, म्हणून मुंगी. सात महिन्यांपूर्वी सापडलंबाईंच्या लक्षात आलं, की मुंगी बोलता बोलता मध्येच बंद पडते. "आई, आज शाळेत ना आम्ही..." आणि पुढे काही नाही. नजर भिंतीवर, पापण्या बारीक थरथरतात, हातातला चमचा तसाच हवेत. आठ-दहा सेकंद. मग "...मातीचे डोंगर केले," असं म्हणून गाडी पुन्हा सुरू. मधे काही घडलं, याचा तिला पत्ताच नसायचा.

आईने हे सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी तिला अत्यंत मोलाची माहिती दिली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, लक्ष नसतं, आता खिडकीजवळ बसवणार नाही. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे सगळेच विचारी. शेजारीण म्हणाली, दृष्टी तपासा. नवरा म्हणाला, "अगं, स्वप्नाळू आहे ती. मी पण लहानपणी तसाच होतो."

"तुम्ही बोलता बोलता थांबायचात?"

"मला बोलूच कुठे द्यायचे!"

नेहमीच्या डॉक्टरांनी मुंगीला चार मिनिटं तपासलं. त्या चार मिनिटांत मुंगीने त्यांना जिन्याखालच्या मांजरीची इत्थंभूत हकिगत श्वास न घेता ऐकवली. डॉक्टर आईकडे बघून प्रेमळ हसले. घाबरट आयांसाठी त्यांच्याकडे हे वेगळं हसू असतं, त्याचे पैसे ते लावत नाहीत. शेवटी, "तुमचं समाधान होत असेल तर" असं म्हणून त्यांनी मोठ्या दवाखान्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. तिथे साडेतीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. वेळ वीस मिनिटं. फोनवर तिथल्या सहायक बाईंनी बजावलं, "तसं होतं तेव्हाचा व्हिडिओ असला तर घेऊन या. इथे आल्यावर मुलं अगदी गुणी वागतात. आणि आमच्या नंबरवर काही पाठवू नका हं, इथे कोणी बघत नाही."

म्हणजे गोष्ट सरळ होती. वीस मिनिटं मिळणार. त्या वीस मिनिटांत मुंगी मांजरीची गोष्ट सांगणार आणि आई पुन्हा एकदा घाबरट ठरणार, तेही आता मोठ्या दवाखान्याच्या शिक्क्यासह. नाहीतर मग दहा सेकंदांचा पुरावा.

पुरावा मिळवणं फुलपाखरू पकडण्याइतकंच सोपं होतं. सापडलंबाई फोन हातात घेऊन मुलीच्या मागे फिरू लागल्या. तीन आठवडे काही हाती लागलं नाही. एका रविवारी दुपारी मुंगी चित्र रंगवत होती आणि हात एकाएकी थांबला. खडू कागदावर, नजर कुठेच नाही. आईने फोन उचलला, लाल गोलावर बोट ठेवलं आणि फोनने नम्रपणे कळवलं : जागा शिल्लक नाही. कृपया काही फाइल काढून टाका.

फोनवरून मान वर केली तोवर मुंगीने झाडाला निळी पानं काढायला घेतली होती.

जागा करायला ती बसलीही. ऑफिसचे फोटो काढून टाकता येत नव्हते, नियम होता. गॅसचे काढून टाकता आले असते. तिने एक जुना फोटो निवडला, बोट न्यायला लागली आणि वाटलं, नेमक्या त्याच दिवशी कळ सुरू राहिली असेल तर? आता त्या फोटोला दीड वर्ष झालं होतं, पण भीतीला तारखा कळत नाहीत. तिने तेवीस फोटो काढून टाकले, त्यातले अकरा परत आणले आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलच्या दुकानात गेली.

"काकू, मेमरी कार्ड चौसष्ट जीबीचं देऊ की एकशे अठ्ठावीसचं?" दुकानदाराने विचारलं.

"छत्र्या किती मावतील?"

दुकानदाराने क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि एकशे अठ्ठावीसचं कार्ड काढलं. गिऱ्हाइकाच्या मनःस्थितीनुसार माल दाखवणं हे या धंद्याचं मर्म आहे. "एकदम फास्ट आहे," तो म्हणाला. कार्ड नखाएवढं होतं. हे आपल्या खोलीत जमा झालं असतं तर चिठ्ठी कुठे बांधायची, हाच तिच्या मनात आलेला पहिला विचार.

घरी धाकटा दीर येऊन बसला होता. हा घरातला तंत्रज्ञ. एकदा त्याने राउटर बंद करून परत सुरू केला होता, तेव्हापासून या पदावर आहे.

"वहिनी, द्या इकडे, मी करून देतो."

"नको भाऊजी, सांगा फक्त. मी करते."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? टाका आणि ओके ओके करत जा."

फोनच्या कडेच्या बारीक भोकात पिन टोचून तिने आतला ट्रे बाहेर काढला, कार्ड बसवलं, आत ढकललं. फोनने दोन पर्याय पुढे केले. एक : कार्ड फोनच्याच जागेचा भाग करा, मग ते फक्त याच फोनमध्ये चालेल. दुसरा : कार्ड वेगळं ठेवा, मग ते काढून दुसरीकडेही नेता येईल.

दुसऱ्या कोणालाही यात विचार करण्यासारखं काही वाटलं नसतं. पण अकरा वर्षं त्या खोलीत बसल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होते : जे काढून दुसरीकडे नेता येतं, तेच हरवतं. आजवर तिच्याकडे कोणी बसची सीट शोधत आलेलं नव्हतं. तिने पहिला पर्याय दाबला. फक्त याच फोनमध्ये. छान. चोराच्या हाती लागलं तरी त्याच्या कामाचं नाही.

"बरोबर केलं ना, भाऊजी?"

"हो हो, तेच," दीर स्वतःच्या फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

मग फोन म्हणाला, कार्ड हळू आहे. एकदम फास्ट कार्ड हळू आहे, हे कळल्यावर तिला दुकानदाराविषयी विशेष काही वाटलं नाही. मग तो म्हणाला, फोटो हलवतो आहे, थांबा. ती तासभर फोनवर डोळे लावून बसली. सगळ्या छत्र्या, कुबड्या आणि साडेसहाशे गॅसच्या कळी एकेक करून नव्या घरात राहायला गेल्या.

आणि मग नशीब फिरलं. दोन आठवड्यांत तीन व्हिडिओ मिळाले. एकात मुंगी दात घासता घासता थांबली आहे, एकात पुस्तक वाचताना. तिसरा तर फार स्वच्छ : दोरीवरच्या उड्या मोजता मोजता, "चौदा..." आणि मग हातातली दोरी लोंबकळतेय, पापण्या फडफडताहेत, आणि मग "पंधरा." तिने तो नवऱ्याला दाखवला.

"दमली असेल," नवरा म्हणाला.

"पापण्या बघा ना."

"अगं, स्क्रीन केवढीशी आणि त्यात तुझा हात हलतोय. मला तर सगळंच फडफडताना दिसतंय."

डॉक्टरांकडे मोठी स्क्रीन असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

तारीख उजाडली. त्या सकाळी गॅसचा आणि कुलपाचा फोटो काढून झाल्यावर सापडलंबाईंना आपलं शास्त्र आठवलं. डेपोत आठवड्याला सरासरी चार फोन जमा होतात, आणि जे जमा होत नाहीत त्यांची तर गणतीच नाही. नेमक्या आजच फोन गेला तर? पैशाचं पाकीट सापडलं की खोलीत रोकड एका लिफाफ्यात आणि कागदपत्रं दुसऱ्यात ठेवतात, म्हणजे दोन्ही एकदम गहाळ होत नाहीत. त्याच न्यायाने तिने कार्ड फोनमधून काढलं, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घातलं, पिशवीला नंबराची चिठ्ठी लावली आणि पर्सच्या अस्तराला आतून सेफ्टीपिनने टाचलं. फोन नवऱ्याच्या खिशात दिला. फक्त याच फोनमध्ये चालेल, हे तिला आठवत होतं. पण त्यात फोनबद्दल लिहिलं होतं, कॉम्प्युटरबद्दल एक अक्षरही नव्हतं. नियमात जे लिहिलेलं नाही ते चालतं, एवढं ती साहेबांकडून शिकली होती.

दवाखान्याच्या बाकावर पाऊण तास गेला. नवरा, मुंगी आणि ती, फाइल मांडीवर. नवऱ्याच्या खिशातला फोन दर पाच मिनिटांनी टिंग करत होता. मुंगीला शू लागली म्हणून ती तिला घेऊन गेली. परत आली तेव्हा फोन शांत होता आणि आत बोलावलं होतं.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये हसल्या नाहीत, हेच सापडलंबाईंना खूप वाटलं. मुंगीने मांजरीची गोष्ट सुरू केली होतीच.

"व्हिडिओ आहे?"

"आहे ना!" तिने पर्स उघडली, पिन सोडवली, पिशवीवरची चिठ्ठी काढून कार्ड सहायक बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते कॉम्प्युटरला लावलं. कॉम्प्युटरने विचारलं : हे कार्ड वाचता येत नाही. फॉरमॅट करायचं का?

"करू?" सहायक बाईंनी विचारलं. माऊसवर बोट होतंच.

"नको!" सापडलंबाई इतक्या जोरात ओरडल्या, की मांजरीची गोष्टसुद्धा थांबली. "अहो, तुमच्याकडचा माझा फोन द्या. त्याच फोनमध्ये चालतं ते. द्या लवकर."

नवऱ्याने फोन दिला. देताना त्याचा चेहरा जरासा बदलला. तिने पिन टोचली, कार्ड बसवलं. फोन म्हणाला : नवीन कार्ड सापडलं. सुरुवात करायची?

"नवीन कसं? जुनंच आहे. अहो, काही केलंत का तुम्ही याला?"

"काही नाही गं. सारखं टिंग टिंग करत होता. कार्ड परत घाला, कार्ड परत घाला. म्हणून याला फोन लावला," म्हणजे धाकट्या भावाला. "तो म्हणाला, सेटिंगमध्ये जा, कार्डाच्या नावावर 'विसरा' असं बटण असेल, ते दाब. मग टिंग बंद होईल."

"आणि दाबलंत?"

"बंद झालं ना टिंग."

"त्याने विचारलं नाही काही? दाबण्याआधी?"

"होतं काहीतरी. सगळं कायमचं जाईल वगैरे. असं सगळीकडेच लिहिलेलं असतं."

या गृहस्थाचा व्यवसाय इथे पुन्हा सांगायला हवा. लिफ्ट बंद असताना दारावर "बटण दाबू नये" अशी पाटी लावणं आणि लोक पाटी वाचत नाहीत म्हणून संध्याकाळी घरी येऊन संतापणं, यावर त्याचं घर चालतं.

कार्ड फक्त याच फोनला वाचता येत होतं आणि आता फोनच त्याला विसरला होता. पाच आठवड्यांचा पाठलाग, दात घासणारी मुंगी, चौदा आणि पंधराच्या मधली ती जागा, सगळं गेलं. जगातली ही एकच खोली अशी होती, जिथे पुरावा मागितला होता, आणि त्या खोलीत ती रिकाम्या हाताने बसली होती. भिंतीवरच्या घड्याळात वीसपैकी अकरा मिनिटं संपली होती. आता डॉक्टर हसतील, तिला वाटलं. ते प्रेमळ हसू.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरच्या वहीतून एक लांबट पट्टी फाडली आणि मुंगीच्या तोंडासमोर धरली.

"मांजरीचं नंतर ऐकते हं. आधी ही पट्टी उडव बघू. जोरात फुंकर. परत. परत. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

मुंगीला असल्या कामाचा उत्साह दांडगा. फू, फू, फू. पट्टी वर जायची, खाली यायची. डॉक्टर घड्याळाकडे बघत होत्या. एक मिनिट गेलं. नवरा कुजबुजला, "हे कशासाठी?"  दीड मिनिट झालं आणि पट्टी खाली आली, ती वर गेलीच नाही.

मुंगीचे गाल अर्धवट फुगलेले, नजर डॉक्टरांच्या खांद्यापलीकडे कुठेतरी. पापण्या बारीक फडफडत होत्या.

"मुंगी," नवरा म्हणाला. मग मोठ्याने, "मुंगी! ए बाळा!" तो खुर्चीतून अर्धा उठला होता. त्याचा आवाज इतका घाबरलेला सापडलंबाईंनी कधी ऐकला नव्हता.

"निळा हत्ती," डॉक्टर शांतपणे मुंगीला म्हणाल्या. अकरा सेकंदांनी मुंगीने पुन्हा फुंकर मारली.

"मी आत्ता कुठला प्राणी म्हणाले?"

"मांजर?" मुंगी म्हणाली.

डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली आणि कागद ओढला. "हा फिटचाच एक प्रकार आहे. शांत असतो, म्हणून लोक लक्ष नसतं म्हणतात. भराभर श्वास घेऊन फुंकर मारत राहिलं की समोर दिसतो. डोक्याचा आलेख काढून घेऊ, औषध सुरू करू. बहुतेक मुलांना औषधाने चांगला फरक पडतो." मग त्यांनी पहिल्यांदाच सापडलंबाईंकडे नीट बघितलं. "व्हिडिओ नसला तरी चालतं. तुम्ही जे सांगितलंत, त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता."

सापडलंबाईंना रडू आलं. लेकीला आजार आहे हे ऐकून कुठल्या आईला इतकं हायसं वाटत असेल, याची त्यांना लाजही वाटली. डॉक्टरांनी एक छोटी वही दिली. असं होईल तेव्हा तारीख, वेळ, किती सेकंद, लिहायचं.

बाहेर व्हरांड्यात धाकट्या दिराचा फोन आला. "वहिनी, दादाने सांगितलं. टेन्शन नका घेऊ. कार्ड माझ्याकडे आणा, मी सगळं परत मिळवून देतो."

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही आतापर्यंत केलंत तेवढं पुष्कळ झालं."

बसमध्ये मुंगी खिडकीशी बसली.  नवरा अगदी मनापासून, कळवळून म्हणाला, "तू मला हे आधी का नाही सांगितलंस?"

सापडलंबाईंनी त्याच्याकडे बघितलं. सात महिन्यांची उत्तरं एकदम ओठांवर आली. पण माणूस खरंच हादरला होता, आणि भरलेल्या बसमध्ये नवऱ्याला सोलून काढण्याइतकं त्राण आज तिच्यात उरलं नव्हतं. ते घरी करता येणार होतं. तिने वही आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

तो पाठीचा कणा ताठ करून, लेकीच्या चेहऱ्यावर नजर रोखून बसला. लोक उतरत होते, चढत होते. मुंगी मांजरीच्या पिल्लांची नावं सांगत होती. तिसऱ्या पिल्लाच्या नावाशी ती थांबली.

"आत्ता," नवरा म्हणाला. "आत्ता झालं ना? हेच ना?"

"हेच."

मुंगीने तिसऱ्या पिल्लाचं नाव सांगितलं आणि चौथ्याकडे वळली.

"नऊ सेकंद," तो म्हणाला. त्याने पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं.

"आठ," ती म्हणाली. "लिहा."